अंदाज बांधण्याची रीत : प्लेगच्या सुईपासून मांजरीच्या लसीपर्यंत



गटाच्या बैठकीत औषधपाण्याचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "हे नवं औषध खरंच लागू पडतं का?" आणि दुसरा, "आपल्यावर प्रयोग तर करत नाहीत ना?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्ही जुने आहेत. आजच्या भाषणात आपण या प्रश्नांचा इतिहास बघू. नवं औषध यशस्वी होणार की नाही याचा अंदाज शास्त्रज्ञ कसा बांधतात, ती रीत कुठून आली, तिच्यात आपल्या पुणे-हडपसर-मांजरीचा वाटा काय, आणि ती रीत आपल्याला कशी वापरता येईल, एवढं बोलू.

सुरुवात प्लेगपासून करते. १८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईत प्लेगची साथ आली आणि काही महिन्यांत पुण्यात पसरली. सावित्रीबाई फुले तेव्हा साठी ओलांडलेल्या होत्या. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ सासाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मुंढवा काय, सासाणे मळा काय, आपल्या मांजरीपासून हाकेच्या अंतरावर. प्लेगवर तेव्हा खात्रीचं औषध नव्हतं. होती ती शुश्रूषा, आणि ती करणाऱ्या बाईचं धाडस.

त्याच दिवसांत मुंबईत हाफकिन नावाचे एक शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, पण ते बरे झाले. आता एका माणसाला काही झालं नाही, यावरून लस प्लेग रोखते असं म्हणता येतं का? नाही येत. ज्यांनी सुई घेतली नाही त्यांनाही प्लेग झालाच असता असं कुठे आहे?

मग भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तिथल्या कैद्यांपैकी सुमारे दीडशे जणांनी स्वखुशीने सुई घेतली, बाकीच्यांनी घेतली नाही. अन्न एकच, कोठड्या त्याच, साथ तीच. पुढच्या दिवसांत सुई न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यातले ६ दगावले. सुई घेतलेल्यांपैकी दोघांना प्लेग झाला आणि दगावलं कुणीच नाही.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हाफकिन यांनी फक्त सुई घेतलेले मोजले नाहीत, न घेतलेलेही मोजले. आपल्या मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाची नवी जात पारखतात तेव्हाही हेच करतात. नवी जात आणि जुनी जात एकाच रानात, सारख्याच पाण्यावर लावायची आणि मग दोन्हीचं वजन करायचं. नुसता नवा ऊस दाखवून "बघा किती वाढलाय" म्हणणाऱ्यावर शेतकरी विश्वास ठेवत नाही. तो विचारतो, "शेजारच्या वाफ्यात काय झालं?"

तरीही भायखळ्याच्या आकड्यांवर लोकांनी लगेच विश्वास ठेवला नाही. पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरत होते, बायाबापड्यांची तपासणी करत होते, सामान बाहेर फेकत होते. त्याच सरकारची सुई लोकांनी निमूट कशी घ्यावी? आणि १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेली १९ माणसं धनुर्वाताने मेली. हाफकिन यांना दोषी धरून कामावरून दूर केलं गेलं. पण बारकाईने मोजल्यावर दिसलं की मेलेले सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. त्याच दिवशी दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेल्या कुणालाही धनुर्वात झाला नव्हता. म्हणजे दोष लसीचा असण्यापेक्षा त्या एका बाटलीत घाण शिरल्याचा असण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला आज आपण हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो.

आता प्रश्न असा, की पुरावा पुढे आला तर आपला विश्वास किती बदलायचा? थोडा की पूर्ण? याचं उत्तर एका इंग्रज धर्मगुरूच्या कागदांत सापडलं होतं. त्यांचं नाव थॉमस बेझ. ते १७६१ मध्ये वारले आणि त्यांचा निबंध त्यांच्या मित्राने १७६३ मध्ये छापून आणला. त्यांची रीत आपण गटात रोज वापरतो, फक्त तिला नाव देत नाही.

समजा गटात नवी बाई आली आणि तिने कर्ज मागितलं. ती फेडेल का? तुम्ही काहीच माहीत नसल्यासारखं करत नाही. गटातल्या बहुतेक जणी फेडतात हे तुम्हाला माहीत असतं. हा झाला आधीचा अंदाज. मग पहिले तीन हप्ते वेळेवर आले, की विश्वास वाढतो. चौथा चुकला, तर थोडा कमी होतो, पण एका चुकलेल्या हप्त्याने तुम्ही तिला लबाड ठरवत नाही. वहीत जसजशा नोंदी वाढतात तसतसा सुरुवातीचा अंदाज मागे पडतो आणि वही बोलू लागते. आधीचा अंदाज, त्यात नव्या पुराव्याची भर, आणि त्यातून सुधारलेला अंदाज. बेझची रीत ती हीच.

औषधाला ही रीत लावली की एक चकवा दिसतो. घरी असाल तर ताट घ्या आणि त्यात शंभर दाणे मोजून ठेवा, दहा हरभऱ्याचे आणि नव्वद ज्वारीचे. प्रत्येक दाणा म्हणजे एक नवं औषध. हरभरा म्हणजे खरंच लागू पडणारं, ज्वारी म्हणजे निरुपयोगी. दहाच हरभरे का? कारण माणसांवरच्या चाचणीच्या पहिल्या टप्प्यात उतरलेल्या दहा औषधांपैकी साधारण एकच शेवटी बाजारात येतं, असा जगाचा अनुभव आहे.

आता यांची एक छोटी चाचणी घेऊ. चाचणी म्हणजे चाळणी, आणि कोणतीच चाळणी अचूक नसते. समजा आपली चाळणी दहा चांगल्या औषधांपैकी आठ ओळखते, आणि दहा निरुपयोगी औषधांपैकी एकाला चुकून पास करते. चाळणी वाईट नाही. मग पास किती झाली? हरभरे आठ. ज्वारी मात्र नव्वदाच्या दहावा हिस्सा, म्हणजे नऊ! एकूण पास सतरा, त्यांत खरी आठ. म्हणजे "चाचणीत यशस्वी" अशी बातमी आलेल्या औषधांपैकी निम्म्याहून जास्त निरुपयोगी निघाली. यात कुणी खोटं बोललेलं नाही. मुळात निरुपयोगी दाणेच इतके जास्त होते, की थोडे गळाले तरी ढीग झाला.

आता हेच सतरा दाणे पुन्हा त्याच चाळणीतून काढा. आठ हरभऱ्यांपैकी सहा राहतील, नऊ ज्वारींपैकी साधारण एक. आता सातांत सहा खरी. म्हणून एका छोट्या चाचणीवर औषध बाजारात आणत नाहीत. पहिल्या टप्प्यात थोडी माणसं, दुसऱ्यात शेकडो, तिसऱ्यात हजारो. "लवकर का देत नाहीत?" असं आपण विचारतो, त्याचं उत्तर या ताटात आहे.

या रीतीचा पुण्याशी एक जवळचा संबंध आहे. कोल्हापूरला १९१९ मध्ये जन्मलेले वसंत शंकर हुजूरबाजार शिकायला केंब्रिजला गेले. तिथे त्यांचे गुरू होते हॅरॉल्ड जेफ्रीस. त्या काळी बरेच संख्याशास्त्रज्ञ बेझच्या रीतीला नाकं मुरडत. त्यांचं म्हणणं, "आधीचा अंदाज म्हणता, पण तो कुणाचा? ज्याचा त्याचा वेगळा!" आक्षेप खोटा नव्हता. कंपनीच्या मालकाचा अंदाज आणि रोग्याचा अंदाज एक कसा असेल? जेफ्रीस मात्र या रीतीच्या बाजूने ठाम उभे राहिले आणि १९३९ मध्ये त्यांनी तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या हाताखाली तयार झालेले हुजूरबाजार १९५३ मध्ये पुणे विद्यापीठाच्या नव्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पुढे संगणक आले, किचकट हिशेब सोपे झाले आणि बेझची रीत दवाखान्यापर्यंत पोचली.

ती कशी पोचली, ते स्तनाच्या कॅन्सरच्या एका चाचणीवरून सांगते. अमेरिकेत २०१० मध्ये 'आय-स्पाय २' नावाची चाचणी सुरू झाली. तिच्यात एकाच वेळी अनेक नवी औषधं तपासायची होती. प्रत्येक बाईचा निकाल आला की हिशेब नव्याने मांडायचा, आणि जे औषध बरं चाललंय ते पुढच्या बाईला मिळण्याची शक्यता वाढवायची. त्याच हिशेबातून एक भाकीतही काढायचं, की हे औषध पुढच्या ३०० जणींच्या चाचणीत यशस्वी होण्याची शक्यता किती? ती ८५ टक्क्यांवर गेली की औषध पास, पुढच्या वर्गात.

पहिल्या पास झालेल्यांत व्हेलिपॅरिब आणि कार्बोप्लॅटिन ही जोडी होती. 'ट्रिपल निगेटिव्ह' नावाच्या अवघड प्रकारच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनपूर्वीच गाठ पूर्ण नाहीशी होण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचाराने २६ टक्के होतं. ही जोडी दिल्यावर ते ५१ टक्के असेल असा हिशेब निघाला. पुढच्या चाचणीत यश मिळण्याची शक्यता निघाली ८८ टक्के.

मग ६३४ बायकांची मोठी चाचणी झाली. २०१८ मध्ये निकाल आला. नेहमीच्या उपचाराने ३१ टक्के, जोडीने ५३ टक्के. म्हणजे भाकीत खरं ठरलं! पण या वेळी तिसरा गटही ठेवला होता, ज्याला फक्त कार्बोप्लॅटिन दिलं. तिथे आकडा आला ५८ टक्के. म्हणजे काम करत होतं ते जुनं कार्बोप्लॅटिन. नवं व्हेलिपॅरिब नुसतं सोबत फिरत होतं. दोन सुनांनी मिळून केलेला स्वयंपाक चांगला झाला, पण कुणाच्या हाताला चव आहे हे एकीला बाजूला ठेवल्याशिवाय कसं कळणार? भाकीत करणारी रीत कितीही हुशार असो, जो प्रश्न विचारलाच नाही त्याचं उत्तर ती देत नाही.

या गोष्टीचा पुढचा धागा आपल्या मुंबईत आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने २०१० ते २०२० या काळात याच प्रकारच्या कॅन्सरच्या सातशेहून अधिक बायकांवर कार्बोप्लॅटिनची चाचणी घेतली. डॉ. सुदीप गुप्ता यांनी डिसेंबर २०२२ मध्ये निकाल मांडला. पन्नाशीपर्यंतच्या बायकांचं आयुष्य या औषधाने वाढलं, पन्नाशीपुढच्या बायकांना तसा फायदा दिसला नाही. कार्बोप्लॅटिन जुनं औषध आहे, अनेक कंपन्या बनवतात, त्यामुळे किंमतही आवाक्यातली. महाग, नवं म्हणजेच चांगलं, हा आपला आधीचा अंदाज असेल तर तो सुधारायला ही एक चाचणी पुरेशी आहे.

आता येऊ २०२० कडे, म्हणजे आपल्या दारात. कोविडच्या त्या वर्षी फायझर कंपनीच्या लसीची चाचणी चाळीस हजारांहून जास्त लोकांवर झाली आणि तिचा हिशेब बेझच्या रीतीने मांडला गेला. सुरुवातीचा अंदाज मुद्दाम कमी, ३० टक्के परिणामाच्या आसपास धरला. नोव्हेंबरमध्ये मोजणी झाली तेव्हा एकूण १७० जणांना कोविड झाला होता. त्यातले १६२ जण खोटी सुई घेतलेले, आणि लस घेतलेले फक्त ८. इतका मोठा फरक, की सुरुवातीचा कमी अंदाज कुठल्या कुठे वाहून गेला. लस ९५ टक्के परिणामकारक ठरली.

ऑक्सफर्डच्या लसीचं तसं सरळ नव्हतं. हीच लस आपल्या मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये कोविशिल्ड नावाने तयार झाली. परदेशातल्या चाचणीत दोन पूर्ण डोस घेतलेल्यांत परिणाम ६२ टक्के दिसला. पण मोजमापातल्या फरकामुळे काही जणांना पहिला डोस अर्धाच दिला गेला होता, आणि त्यांच्यात परिणाम दिसला ९० टक्के! वर्तमानपत्रांनी मथळे दिले. अर्धा डोस पूर्ण डोसापेक्षा भारी?

इथे वही उघडून बघायची. अर्ध्या डोसाच्या गटात लस घेतलेल्यांपैकी कोविड झाला ३ जणांना, लस न घेतलेल्यांपैकी ३० जणांना. लस घेतलेले आणखी तिघं आजारी पडले असते तर ९० चे ८० झाले असते. शिवाय त्या गटात पंचावन्नच्या वरचं कुणीच नव्हतं. पूर्ण डोसाच्या गटात आकडे होते २७ आणि ७१, म्हणजे पुरावा जास्त. बातमी जितकी अनपेक्षित, तितका तिला पुरावा जास्त हवा. तीन माणसांच्या जोरावर एवढी मोठी गोष्ट मानता येत नाही. सरकारांनीही मानली नाही. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडेही मंजुरी दोन पूर्ण डोसांनाच मिळाली. पुढे अमेरिका, चिली आणि पेरू इथल्या मोठ्या चाचणीत दोन पूर्ण डोसांचा परिणाम सुमारे ७५ टक्के निघाला, म्हणजे ६२ आणि ९० च्या मधे.

आपल्याकडे कोविशिल्डची चाचणी १,६०० जणांवर झाली. तिची पहिली सुई २६ ऑगस्ट २०२० रोजी पुण्यात भारती विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये टोचली गेली. ३ जानेवारी २०२१ रोजी मंजुरी आली आणि १६ जानेवारीला देशभर लसीकरण सुरू झालं. मंजुरीनंतरही मोजणी थांबत नाही. रक्तात गाठी होण्याचा दुर्मीळ त्रास लाखो लोकांनी लस घेतल्यावरच युरोपात दिसून आला. चाचणीतल्या हजारोंमध्ये तो दिसणं अवघडच होतं. त्यानंतर काही देशांनी तरुणांना दुसरी लस द्यायचं ठरवलं. याला धरसोड म्हणू नका. नवी नोंद आली, अंदाज सुधारला.

मैत्रिणींनो, १८९७ पासूनच्या या सगळ्या हिशेबात मोजलेला प्रत्येक आकडा म्हणजे एक जिवंत माणूस होता. तुरुंगातला कैदी 'स्वखुशीने' म्हणाला, तरी तुरुंगात खुशी ती किती? आज कायदा आपल्या बाजूने आहे. २००९ पासून देशातल्या प्रत्येक औषध-चाचणीची सरकारी नोंदणी सक्तीची आहे. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही द्यावी लागते. सही करणाऱ्या बाईला वाचता येत नसेल, तर समजावून सांगताना त्रयस्थ साक्षीदार हजर असावा लागतो. मधेच बाहेर पडायचा हक्क आहे, आणि बाहेर पडलात म्हणून नेहमीचे उपचार कुणी तोडू शकत नाही.

म्हणून कुणी चाचणीचा कागद घेऊन आलं, किंवा मोबाईलवर "नव्या औषधाचा चमत्कार" आला, तर गटाने हे प्रश्न विचारायचे. औषध न घेतलेल्यांचं काय झालं? एकूण माणसं किती आणि त्यात आपल्यासारख्या बाया किती? ही पहिलीच चाचणी, की आधीच्या चाचण्यांनीही हेच सांगितलंय? हे सांगणाऱ्याचा त्यात फायदा काय? आणि काही झालं तर जबाबदारी कुणाची, फोन कुणाला करायचा? उत्तरं मिळेपर्यंत अंगठा नाही आणि सहीही नाही. उत्तरं नीट मिळाली, तर भीतीपोटी नाही म्हणायचंही कारण नाही. आज आपल्या लेकरांना टोचतो त्या प्रत्येक लसीच्या मागे असा हो म्हणणारी माणसं उभी आहेत.

पुढच्या मासिक बैठकीत ताट, दहा हरभरे आणि नव्वद ज्वारीचे दाणे घेऊन बसा. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही हा हिशेब हातांनी करता येतो. पहिल्या चाळणीनंतर ताटात खरे दाणे किती उरले, ते आधी सगळ्यांना अंदाजाने सांगायला लावा, आणि मग मोजा.